पिंपळापर्यंतचा डोंगर

१ जानेवारी १९९७, बुधवार

नवीन वर्ष, नवीन डायरी. मिरजेच्या मेहुण्यानं पाठवलेली. पुष्कर डॉक्टर आहे, त्याला औषधकंपन्या फुकट देतात. प्रत्येक पानाच्या तळाशी मूळव्याधीच्या मलमाची जाहिरात. शी! माणसानं संकल्प लिहायचे कुठं?

संकल्प एकच. यंदा रोज जननीच्या डोंगराच्या माथ्यापर्यंत जायचं. तसा आत्ताही जातोच. पिंपळापर्यंत जातो. पिंपळ अर्ध्या वाटेवर आहे. (अर्ध्याच्या जरा अलीकडे.) पण डोंगर चढण्यातलं मुख्य काम म्हणजे घरातून निघणं, आणि ते पिंपळापर्यंत पूर्ण झालेलं असतं. पुढं उरतो तो नुसता चढ.

पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालो तेव्हापासून, म्हणजे चार वर्षं हा नेम आहे. वाईहून आंबेखळपर्यंत लूनावर (वॉर्म-अप), तिथून पायी. प्रभात गिरिभ्रमण मंडळाचा संस्थापक-अध्यक्ष मीच. सभासद दोन. बाळासो, कापडदुकानदार, माझ्याबरोबर पिंपळापर्यंत येतो. हंबीरराव, रिटायर्ड सुभेदार, आंबेखळचेच, ते न थांबता माथ्यावर जाऊन येतात. मिलिटरीच्या माणसाला विचार करायची सवय नसते. मी पिंपळाखाली बसून मंडळाचं धोरण ठरवतो. तिथं बनुबाई भजी तळते. गरीब बाईला हातभार म्हणून एक प्लेट घेतो. थंडीत दोन.

शरयूला (सौ.) भज्यांचं बोललेलो नाही. मला शुगर आहे, तिला उगाच घोर नको.

तिचा आणखी एक प्रकार आहे. रिटायर झालो त्या वर्षी छातीत कळ आली होती. गॅस होता. पण मी डोंगरावर गेलो की ही घरात धास्तावून बसायची, स्वयंपाक करपायचा. मग मी सांगून टाकलं की माथ्यावरून आपली गच्ची स्पष्ट दिसते, तू काळजी करू नकोस. तेव्हापासून रोज साडेसातला तुळशीला पाणी घालून झालं की ही आपला तांब्याचा तांब्या, चिंच लावून लख्ख घासलेला, उन्हात वर धरते. मी घरी आलो की विचारते, दिसला का? मी सांगतो, दिसला. तिचा दिवस बरा जातो. यात खोटं असं काही नाही. पिंपळावरून वाई दिसत नाही, झाडं आड येतात, पण आमच्या गच्चीवरून माथा दिसतो, त्याअर्थी माथ्यावरून गच्ची दिसणारच. साधा तर्क आहे.

आज थंडी फार. माथा उद्यापासून.

५ जानेवारी, रविवार

संताप. वाटेच्या तोंडाला बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्यात आणि वर पत्र्याचा बोर्ड. वनसंवर्धनाचं काम सुरू, पायवाट बंद, विनाकारण फिरणाऱ्यांस सक्त मनाई. खाली वनखातं आणि आंबेखळ ग्रामस्थ. ‘सक्त’मधला क्त तिरका काढलाय.

विनाकारण! चार वर्षांच्या साधनेला हे विनाकारण म्हणतात!

हंबीररावांनी कारण सांगितलं. गुरं, शेळ्या आणि फिरणारे लोक चढताना मन मानेल तशा आडवाटा पाडतात, पावसाचं पाणी त्याच वाटांनी धावतं आणि डोंगराची माती ओढ्यात नेऊन टाकतं. म्हणून आता चर खणायचे, दगडी बांध घालायचे, पावसाळ्यात झाडं लावायची आणि झाडं माणसाच्या कमरेला लागेपर्यंत डोंगराला हात लावायचा नाही. “आपल्या पायांनीच झिजलाय म्हना डोंगर,” असं म्हणाले.

माझ्या पायांनी डोंगर झिजतो! पाटबंधारे खात्यात जन्म गेला माझा, पाण्याची एकेक फाइल या हाताखालून गेली. मला पाणी शिकवतात.

बनुबाईनं भट्टी खाली फाट्यावर हलवली. “तुमास्नी बी सोपं पडंल, आध्यक्ष,” म्हणाली. त्यातल्या त्यात एवढी एक समजूतदार. भजी तीच, पण डोंगर चढल्याचं समाधान नाही.

घरी काही बोललो नाही. शरयूनं विचारलं. दिसला म्हटलं.

१२ जानेवारी, रविवार

मंडळाची तातडीची सभा, फाट्यावर. ठराव: अन्यायी बंदीविरुद्ध तीव्र आंदोलन. सूचक मी. बाळासोच्या तोंडात भजं होतं, मूक संमती धरली. हंबीरराव आले नाहीत. ते म्हणे गावच्या वनकमिटीत आहेत. घरभेदी.

बुधवारी आंबेखळच्या खंडोबाच्या देवळात बंदीवर गावाची बैठक आहे. निम्मं गाव विरोधात आहे असं बनुबाईकडून कळलं. शेळ्या कुठं न्यायच्या हा त्यांचा प्रश्न. म्हणजे जमीन तयार आहे, फक्त नेता नाही. भाषण लिहायला घेतलंय. सुरुवात छत्रपतींपासून.

१५ जानेवारी, बुधवार. रात्री

नीट लिहून ठेवतो, कारण उद्या लोक उलटसुलट बोलतील.

देवळात गर्दी चिक्कार. बिडीचा धूर, घोंगड्यांचा वास, मळमळायला लागलं. मला मानानं पुढं बसवलं. नाथाजी म्हणून वनकमिटीचे म्हातारे प्रमुख आहेत, ते बराच वेळ काहीतरी सांगत होते. मी भाषणावर शेवटची नजर टाकत होतो, म्हणजे वाचायचा चष्मा डोळ्यांवर. लांबचं धूसर. एकदम सगळे गप्प झाले. बघतो तर ताट पुढं आलेलं, त्यात भंडारा. नाथाजींनी विचारलं, “पयला कोन?”

कुणी हलेना. खेड्यातली माणसं बुजरी. अशा वेळी अध्यक्षानं मागं राहणं शोभत नाही. मानाचा प्रसाद मानाच्या माणसानंच घ्यायचा असतो. मी उठलो, दोन्ही हातांनी भंडारा उचलला, कपाळाला लावला, चिमूटभर तोंडातही टाकला.

देवळात एकच गजर झाला. यळकोट यळकोट! नाथाजींनी मला मिठी मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी. म्हणाले, “आमी गावची मानसं कचरत हुतो, आन ह्या भायेरच्या मानसानं पयला बेलभंडारा उचलला!” मग चष्मा बदलून बघितलं. भंडाऱ्याखाली बेलाची पानं होती.

बेलभंडारा उचलणं म्हणजे देवासमोर शपथ. कसली, ते हंबीररावांनी कानात सांगितलं. झाडं कमरेला लागेपर्यंत श्रमदानाशिवाय डोंगरावर पाऊल ठेवणार नाही.

माझ्यामागून सगळं गाव उठलं. अडून बसलेली शेळ्यावाली घरंसुद्धा. बनुबाईसुद्धा. बंदी एकमतानं पास. भाषण खिशातच राहिलं.

जिभेवरची हळद अजून जात नाही. दोनदा चूळ भरली.

१६ जानेवारी, गुरुवार

शांतपणे विचार केला. शपथ गैरसमजातून घेतलेली आहे. अशी शपथ कायद्यानं शून्य. मी सुशिक्षित माणूस आहे, असल्या गोष्टींना भीत नाही. तरी पण खंडोबा कडक दैवत आहे, सध्या काही दिवस जाऊ द्यावेत.

शरयूला गावाकडून बातमी लागलीच. तिनं विचारलं, मग आता तुमचं माथ्यावर जाणं बंद? तिचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, छे, अध्यक्ष म्हणून मला स्पेशल परवानगी आहे, कामाची पाहणी करायला रोज माथ्यावर जावं लागणार. तिला बरं वाटलं. तांब्या घासायला बसली.

परिस्थितीनं माणसाला असं बोलायला लागतं. याची जबाबदारी सर्वस्वी वनखात्यावर.

२० जानेवारी, सोमवार

घराबाहेर तर पडलंच पाहिजे, म्हणून कृष्णेच्या घाटावर फिरून बघितलं. किळस आली. पायऱ्यांवर शेवाळ, नदीत निर्माल्य आणि प्लास्टिकच्या पिशव्या, कडेला ओळीनं दात घासणारे आणि खाकरणारे नागरिक. संस्कृतीचं माहेरघर म्हणे! नळाखाली पाय धुतले आणि लूना काढून फाट्यावर गेलो. निदान तेलाचा वास तरी स्वच्छ.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाला आंबेखळला बोलावणं. वाटलं, आता चर्चेला बसवतील. वाटेच्या तोंडाशी नवा बोर्ड लावलाय, मोठा, सिमेंटच्या खांबांवर. त्यावरचा पडदा माझ्याच हस्ते काढवला. बोर्डावर लिहिलंय: डोंगर विश्रांती घेत आहे. शपथ मोडू नका. बेलभंडारा उचलणारे पहिले मानकरी, श्री. चिंतामणराव आगाशे, वाई.

बाळासोनं टाळ्या वाजवल्या. विरोध नोंदवणार होतो, पण फोटो काढत होते.

नाव मात्र ठळक काढलंय. निळ्यात.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपार

ठरवलं होतं, एकदाच गुपचूप माथ्यावर जायचं. शपथ मोडायला नव्हे. अध्यक्षाला माथ्याची प्रत्यक्ष माहिती असावी, कुणी काही विचारलं तर अडायला नको म्हणून. डोंगराच्या पलीकडच्या गावापर्यंत एसटीनं गेलो. एसटीत शेजारी कोंबड्यांची पाटी. पँटवर व्हायचं ते झालं.

मागच्या बाजूनं चढायला लागलो. दम लागायच्या आत (जवळजवळ) कुणीतरी हाक मारली. बनुबाई! आणखी चार बायका, डोक्यावर पाण्याच्या घागरी. “आवं आध्यक्ष, तुमी भंडारा उचललाय न्हवं? आन हितं कुटं?” असं सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं ओरडली. मी म्हटलं, पाहणी. ती म्हणाली, मंग बरं झालं, श्रमदान आसल तर चालतंय, आणि एक घागर माझ्या हातात दिली. काम कुठं चाललंय विचारलं, तर म्हणाली, “वर, माथ्याव. पानी वरनं येतंय, मंग काम बी वरनंच.”

म्हणजे हे लोक आधी माथ्यावर चर खणतात आणि मग खाली येतात. उलटा कारभार! आमच्या खात्यात सगळं खालून वर जायचं.

घागर घेऊन काही पावलं चढलो. मग पाणी सांडलं. मग मी बसलो. बायका हसल्या. जी बाई मला प्लेटमागं प्लेट भजी खपवते, तिनं भर डोंगरात मला ओझं उचलायला लावावं! माणुसकी संपली. खाली उतरताना एका अर्धवट चरात पाय गेला. चराची खोली मात्र पुरेशी आहे, तशी नोंद घेतली.

घरी आल्यावर शरयूनं विचारलं, दिसला का? दिसला. पाय का मुरगळला? पाहणी करताना.

२३ फेब्रुवारी, रविवार

बाळासो फितूर झाला. कापडदुकान बंद ठेवून दर रविवारी श्रमदानाला जातो म्हणे. पँटीला आतून दोरी बांधायला लागली इतका बारीक झालाय, आणि ते सगळ्यांना दाखवत फिरतो. ओंगळ प्रदर्शन. मला म्हणाला, चिंतामणराव, वर काय वारं असतं, आपण पिंपळाशीच थांबून किती मुकलो! मी म्हटलं, सगळ्याच गोष्टी बोलायच्या नसतात.

मंडळात आता मी एकटाच. बरं झालं, निर्णय पटकन होतील. आंदोलनाचं पुढचं पाऊल: एक दिवसाचं लाक्षणिक उपोषण, फाट्यावर.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

उपोषण अकरापर्यंत कडकडीत पाळलं. जागा चुकली. भट्टीपासून लांब बसायला हवं होतं.

८ मार्च, शनिवार

काल महाशिवरात्र. देवळात शरयूला राजेश्वरीबाई भेटल्या, हंबीररावांच्या मंडळी. नको त्या वेळी नको ती माणसं! त्या दर रविवारी श्रमदानाला माथ्यावर जातात. शरयूलाही चला म्हणाल्या. आणि ही हो म्हणून आली.

मी सांगितलं, ऊन लागेल. म्हणाली, पदर घेईन. गुडघा? म्हणाली, तुमच्या वयाचे जातात, तुम्ही रोज जाता, मी हळूहळू येईन. मग म्हणाली, “चार वर्षं तांब्या धरतेय मी. एकदा दुसऱ्या बाजूनं बघू तर द्या, कसा दिसतो ते.”

ती हसत होती. फार दिवसांनी हसली.

काहीतरी करायला हवं. ती वर जाणार म्हटल्यावर मीही बरोबर असणार. पिंपळापाशी मी थांबलो की तिच्या लक्षात येईल. आणि माझ्याआधी तिनं माथा बघणं तत्त्वतःच योग्य नाही.

९ मार्च, रविवार

ताप. थर्मामीटर चहाच्या कपात जास्त वेळ राहिल्यानं पारा फारच वर गेला, शरयू घाबरून रडायलाच लागली. पुष्करला मिरजेला फोन करणार होती. मी पारा झटकून खाली आणला. ती गेली नाही. दिवसभर माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसली. पेज दिली. बेचव.

१६ मार्च, रविवार

पाहुणे येणार असं सांगून अडवलं. ते आलेच नाहीत. लोकांना दिलेल्या शब्दाची किंमत राहिलेली नाही. केलेली पुरणपोळी मीच संपवली, वाया कशाला घालवायची.

२४ मार्च, सोमवार

नाथाजी आणि हंबीरराव घरी आले. माथ्यावरचे चर पुरे होत आले. पाडव्याला तिथंच, जननीच्या देवळापुढं गावाची गुढी उभारायची आणि शेवटच्या चरावर पहिली कुदळ माझ्या हातची, कारण बेलभंडारा आधी मी उचलला. “तुमी नसता उठला तर गाव उठलंच नसतं,” असं नाथाजी म्हणाले. त्यांनी सगळ्या शेळ्या विकल्या म्हणे, एक ठेवली नाही. ते ऐकून अंगावर आलं. मी कुणाला शेळ्या विका म्हटलं नव्हतं.

शरयूनं चहा दिला आणि विचारलं, बायकांनी आलं तर चालेल का? हंबीरराव म्हणाले, “वैनी, तुमी याच. श्रमदान हाय, शपथ मोडत न्हाई.”

नाही म्हणायची सोय राहिली नाही. श्रमदानच आहे म्हटल्यावर खंडोबाच्या शपथेचीही सबब नाही.

वर पुष्करचा फोन. पाडव्याला येतोय. भावजींना माथ्यावर बघायचंय म्हणे, आणि हसला. हा माणूस मला लग्नापासून आवडत नाही. डॉक्टर असून पोट केवढं!

३० मार्च, रविवार

प्रशिक्षण सुरू. गच्चीचा जिना रोज वीस वेळा चढायचा. आज तीनदा. शरयूनं विचारलं, काय चाललंय? म्हटलं, पाण्याची टाकी तपासतोय.

गच्चीवरून माथा नीट निरखला. वाटतो त्याहून बुटका आहे. देऊळ काही दिसत नाही, झाडीत असणार. नऊ दिवसांत हे सहज जमण्यासारखं आहे.

७ एप्रिल, सोमवार. रात्री ९

जिना काल सातदा झाला, आज विश्रांती. खेळाडूसुद्धा आदल्या दिवशी विश्रांती घेतात. नवीन कॅनव्हास शूज. भाषणात थोडा फेरफार: छत्रपती तेच, बंदीचा निषेध काढून बंदीचं स्वागत घातलं.

शरयूनं घरच्या गुढीला चांदीचा गडू काढून ठेवलाय. पहाटेच गच्चीवर गुढी उभारून निघायचं, म्हणजे माथ्यावरून ती दिसेल, असा तिचा बेत. आपला तांब्या ती देवीच्या पाण्यासाठी बरोबर नेणार. आत्ताही घासतेच आहे. स्वयंपाकघरातून आवाज येतोय.

उद्या मी माथ्यावर उभा असेन. मग सगळंच खरं होईल. झोप नीट लागली पाहिजे.

८ एप्रिल, मंगळवार. गुढीपाडवा. रात्री ८

दिवस अपेक्षेपेक्षा फार उत्तम गेला.

सुरुवात जोरात झाली. हलगी, लेझीम, सगळं गाव, मी सगळ्यात पुढं, हार घालून. वाट आता ओळखू येत नाही, वळणावळणानं दगड लावलेत आणि मधून कुठं कुठं न चरलेलं वाळकं गवत. पिंपळापाशी पोचलो तेव्हा श्वासाचा किरकोळ प्रश्न आला. शूज नवे होते. हार जड होता. भट्टीच्या जागी आता वाळका पाला आहे, टेकायला दगडसुद्धा नाही. जमिनीवरच बसलो. डोळ्यांपुढं काजवे. हंबीरराव म्हणाले, “आध्यक्ष, चला की, निम्मं बी न्हाई झालं.” हे मोठ्यानं बोलायची काय गरज होती?

पण दैव बलवत्तर. मागून पुष्कर आला, लालबुंद, बुटात फोड, आणि माझ्या शेजारी कोसळला. मी तत्काळ जाहीर केलं की पाहुण्याला एकटं टाकून जाणं मला जमणार नाही, माझा मान दुसऱ्या कुणाला तरी द्यावा. नाथाजी म्हणाले, मंग वैनींना देऊ.

शरयू थांबली. माझ्या छातीवर हात ठेवून बघितला, कळ नाही ना विचारलं. पुष्कर आहे म्हटल्यावर निघाली. पदर खोचून, तांब्या हातात. मी मागून हाक मारली, ऊन फार आहे, राहू दे. तिनं वळून तांब्या वर धरला. चमकला. मग वळणाआड गेली.

ते वर होते तेवढा वेळ पुष्करनं मला छळलं. भावजी, रोज जाता ना, मग इथंच कशी दमछाक? माथ्यावरून घर दिसतं म्हणे! मी ताईला विचारणारच आहे, सगळ्यांसमोर. असं हसतखिदळत. मी हारातली फुलं मोजत बसलो. भजी नव्हतीच.

अखेर मंडळी उतरली. शरयूच्या हातांना माती, कपाळाला भंडारा. पुष्करनं विचारलंच, सगळ्या गावासमोर, “काय गं ताई, दिसतं का घर?”

शरयूनं माझ्याकडं बघितलं. मग त्याच्याकडं बघून म्हणाली, “दिसतं की. गुढीसुद्धा दिसते. अगदी स्पष्ट.”

पुष्करचं तोंड बघण्यासारखं झालं! हंबीरराव का कुणास ठाऊक टोपी काढून डोकं खाजवत राहिले.

म्हणजे माझा तर्क शंभर टक्के बरोबर होता. चार वर्षं मी जे सांगत आलो ते अक्षरशः खरं निघालं. आता कशाची काळजी नाही. श्रीखंड दोन वाट्या खाल्लं, शरयू काही बोलली नाही. दमली असेल. लवकर झोपली.

९ एप्रिल, बुधवार. संध्याकाळ

सकाळी पुष्करला स्टँडवर सोडलं. मग सवयीप्रमाणे फाट्यावर जाऊन आलो. मन प्रसन्न होतं. घरी आलो तर शरयू गहू निवडत बसली होती. तिनं विचारलं नाही, म्हणून मीच सांगितलं की दिसला बरं का तांब्या. आज तर लख्ख दिसला.

ती गहू निवडत राहिली. निवडतानाच म्हणाली की तांब्या वरच आहे. गावाच्या गुढीला घालायला तांब्या आणायचा राहिला होता, म्हणून तिनं आपला दिला. संध्याकाळी गुढी उतरवून देवीपाशी ठेवणार होते, तिथंच असेल.

मी गव्हातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

मग तिनं सांगितलं, आवाज न चढवता. आपल्या गच्चीवरून दिसतो तो माथा नव्हेच. ती डोंगराची पुढची सोंड आहे. माथा तिच्या मागं, खूप वर. तिथून ही सोंड आडवी येते आणि वाई काही दिसत नाही. नदी नाही, घाट नाही, काहीच नाही. ती बराच वेळ उभी राहून शोधत होती. हंबीररावांना वाटलं, तिला घेरी आली.

काल धुकं असेल, असं मी म्हणणार होतो. एप्रिल आहे.

तिनं चहा करून दिला, बिनसाखरेचा. तू पुष्करला तसं का सांगितलंस, हे विचारायचं होतं. नाही विचारलं. चहा प्यायलो.

आत्ता गच्चीवर जाऊन आलो. दिसते ती सोंडच आहे. माहीत झाल्यावर कळतं. तुळशीशेजारी कठड्यावर एक गोल डाग पडलाय, हिरवट. रोज पाणी घालून झाल्यावर, ऊन यायची वाट बघत, ती तांब्या तिथं ठेवायची.